चार ओळी द्या, आकडा नको

सिनेमाचं तिकीट दोन-अडीचशे रुपयांचं. ते काढावं की नाही हे सांगायला मराठी पेपरात अर्धं पान परीक्षण येतं, वर साडेतीन तारे. नाटकाचं येतं, पुस्तकाचं येतं, नव्याने निघालेल्या हॉटेलातल्या थाळीचंही येतं. प्लेस्टेशन ५ चा मोठ्या कंपनीचा नवा गेम ४,९९९ रुपयांना विकला जातो आणि त्याबद्दल मराठीत नियमाने काहीही छापून येत नाही. आलंच तर परदेशी बातमीचा घाईतला तर्जुमा. प्लेस्टेशन ५ भारतात आलं २ फेब्रुवारी २०२१ ला, किंमत ४९,९९० रुपये. ज्या घराने एवढे पैसे घातले, त्या घराला पुढचा प्रत्येक गेम अंदाजाने घ्यावा लागतो. बाप विचारणार कुणाला? पोराला. आणि पोराने काय पाहिलेलं असतं? जाहिरात.

व्हिडिओ गेमचं छोटं, चार ओळींचं, स्वतः खेळून लिहिलेलं परीक्षण हे जबाबदारीचं काम आहे. ते मराठीत व्हायला हवं. आपल्या संपादकांनी हा पोराटोरांचा विषय म्हणून बाजूला टाकला, यात वाचकाचं नुकसान झालं आहे.

चार ओळींत काय सांगून होणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी जपानकडे बघावं. तिथे ‘फामित्सू’ हे नियतकालिक १९८६ पासून हेच करतं. एका गेमवर चार परीक्षक, प्रत्येकाच्या मोजक्या ओळी, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम १९९८ चा, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’. तोवर बारा वर्षं एकाही गेमला पैकीच्या पैकी नाहीत. या पद्धतीत मला आवडतं ते चौघांचं एकमेकांशी न पटणं. एकाला गेम संथ वाटला, दुसऱ्याला तोच संथपणा भावला, आणि दोन्ही मतं शेजारी-शेजारी छापली. वाचणाऱ्याला आपण कुणासारखे आहोत ते कळतं आणि तो ठरवतो. ओळी कमी असल्या तरी माणसं चार आहेत.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात हेच काम तोंडी चालायचं. आमच्या औरंगाबादेतल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडायचा जो गेम आला, तो बहुतेक वेळा अस्सल निन्टेन्डोचा नव्हता. जपानात १९८३ मध्ये आलेल्या फॅमिकॉम मशिनची ती नक्कल, सामुराईसारख्या नावांनी विकली जाणारी. सोबतच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं. आत मोजके खेळ, तेच पुन्हा पुन्हा नाव बदलून, नाहीतर मधल्याच लेव्हलपासून सुरू केलेले. हातात धरून खेळायच्या विटांच्या गेमवरही तोच चार आकडी थापेबाजीचा शिक्का. ग्राहकाला आकडा दाखवून फसवायची सुरुवात तिथे झाली. त्यावर उपाय होता गल्लीतला मोठा पोरगा. ‘कॉन्ट्रा असलेली कॅसेट घे, दोघांना सोबत खेळता येतं. टँकचा गेम आहे का बघ. ती पिवळी घेऊ नको, बोगस आहे, अर्ध्यात लटकते.’ कितीजणांना खेळता येतं, काय बघून घ्यायचं, काय टाळायचं आणि का, सगळं त्यात आलं. त्या पोराला कुठली जाहिरात सांभाळायची नव्हती, म्हणून त्याचा शब्द चालायचा.

मग आकडा आला आणि ओळी गेल्या.

२००१ मध्ये अमेरिकेत मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ सुरू झालं. ठिकठिकाणची परीक्षणं गोळा करायची, प्रत्येकाचे गुण शंभरात बसवायचे, कुणाच्या मताला किती वजन हे गुलदस्त्यात ठेवायचं आणि शेवटी एक आकडा काढून त्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. गंमत म्हणून नाही, हिशेब म्हणून पुढची गोष्ट बघा. तिथे सिनेमाला हिरवा रंग ६१ पासून मिळतो, गेमला ७५ पासून. म्हणजे ७० गुणांचा सिनेमा खुशाल बघा आणि ७० गुणांचा गेम घेताना दहादा विचार करा. आपल्या दहावीच्या निकालात साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते. गेमच्या दुनियेत साठ म्हणजे नापास. गेमचे परीक्षक सातच्या खाली यायलाच कचरतात, त्यामुळे दहाची फूटपट्टी प्रत्यक्षात चारच अंकांची उरली आहे.

ही फूटपट्टी लोकांच्या पोटावर येते. ऑब्सिडियन कंपनीने केलेला ‘फॉलआउट : न्यू वेगास’ २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस, असं प्रकाशकाशी ठरलं होतं. मिळाले ८४. बोनस नाही. कंपनीतल्या ख्रिस अॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये ते जाहीर केलं. तो गेम लोक आजही मन लावून खेळतात, आणि त्या एका गुणाचं कारण कुणालाही सांगता येणार नाही, कारण तो गुण कुणी एकाने कापलेलाच नाही. बेरीज-भागाकारात तो गळाला. एखाद्या माणसाने ‘हा गेम सारखा बंद पडतो म्हणून एक गुण कमी’ असं लिहिलं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. सरासरीशी भांडता येत नाही.

परीक्षकाच्या पोटावरही येते. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉट या संकेतस्थळाच्या जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच : डेड मेन’ या गेमला दहापैकी सहा दिले. तेव्हा गेमस्पॉटवर त्याच गेमच्या मोठमोठ्या जाहिराती लागल्या होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली. आतली हकिगत उघडपणे सांगायला त्यांना २०१२ उजाडावं लागलं. सहा गुण दिले म्हणून! आणि २०१४ मध्ये ‘शॅडो ऑफ मॉर्डर’ची भलामण करायला वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबवरच्या नामवंतांना पैसे दिले, ते प्रेक्षकांना नीट कळेल असं सांगितलं गेलं नाही, अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्ये कंपनीला त्याबद्दल धरलं. भारतातही जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून पैसे घेऊन केलेल्या शिफारशीवर तसं लिहायला सांगितलं आहे. किती जण लिहितात, ते रोज मोबाइल बघणाऱ्याला सांगायला नको.

आता कन्सोलवाल्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा मुद्दा. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला बाजारात आला. त्याआधी परीक्षकांच्या हाती दिली ती फक्त संगणकावर चालणारी प्रत. कन्सोलची दिलीच नाही. परीक्षणं छापून आली, आकडा नव्वदीच्या आसपास झळकला, लोकांनी आधीच पैसे भरून ठेवले होते. प्लेस्टेशन ४ वर लावला तर गेम अडखळायचा, माणसं हवेत तरंगायची, मध्येच सगळं बंद पडायचं. सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत करायला सुरुवात केली. तो परत विक्रीला आला जून २०२१ मध्ये. आकडा खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच मशिनचा होता. आपल्या शहरात आजही कितीतरी घरांत प्लेस्टेशन ४ आहे, त्यातली बरीच सेकंडहँड. त्या घरांना तो आकडा काय कामाचा? म्हणून माझ्या मते परीक्षणाची पहिली ओळ हीच हवी: मी हा गेम अमुक मशिनवर खेळलो.

कॅनॉटमधल्या एका दुकानात ऐकलेलं संभाषण सांगतो. वाळूजच्या कंपनीचा शर्ट अंगावर असलेला बाप आणि सहावी-सातवीतलं पोरगं. पोराने मोबाइल पुढे केला, ‘पप्पा, बघा ना, नाइन्टी वन आहे याला.’ बापाने मोबाइलकडे बघितलंही नाही. खोकं उलटं करून मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली आणि दुकानदाराला विचारलं, ‘भाऊ, हे दोघांना खेळता येतंय का? घरी दोन लेकरं हैत, एकाला दिलं की दुसरं रडतंय.’ दुकानदार म्हणाला, ‘नाही साहेब, हा एकट्याचाच आहे.’ ‘आणि आमचं मशिन जुनंय, फोर. त्याला लागतंय का?’ ‘नाही, हा फाइव्हचा.’ ‘नेट लागतंय का मग?’ त्या बापाचे तिन्ही प्रश्न कुठल्याही संपादकाने टिपून ठेवावेत असे होते. ९१ या आकड्यात त्यांतल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

त्याने चौथा प्रश्न विचारला नाही, तो मी त्याच्या वतीने विचारतो. खोक्याच्या कोपऱ्यात लाल चौकटीत १८ लिहिलेलं असतं ते काय? ते वय आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ वर ते ठसठशीत छापलेलं आहे, आणि दहा वर्षांच्या पोराच्या वाढदिवसाला तोच गेम हौसेने दिला जातो. आई-बाप बेफिकीर आहेत म्हणून असं होत नाही. त्यांना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलेलं नाही म्हणून होतं. एका मराठी ओळीचं काम आहे ते.

मराठी परीक्षकाची गरज का आहे याचं सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ही पुण्याची कंपनी. त्यांचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी चिकाटीने गेम पुरा केला. १८ ऑगस्ट २०२० ला तो आला निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे टीव्हीलाही जोडता येणाऱ्या आणि हातात धरूनही खेळता येणाऱ्या मशिनवर. बाकीच्या मशिनवर ऑक्टोबरात. आणि स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं! पुण्यात घडलेला गेम आधी परक्यांनी खेळला, परक्यांनी तोलला आणि त्यांचं मत इथे बातमी म्हणून आलं. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन होतं. परदेशी परीक्षकांनी चित्रं, वास्तू, संगीत यांची स्तुती केली आणि लढाई, कॅमेरा, घाईने येणारा शेवट यांवर बोट ठेवलं. बोट बरोबर ठेवलं होतं. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात लढाईवर काम केलेलं होतं आणि हिंदी आवाजही होता. नीट केलेली टीका गेम करणाऱ्यांच्याही उपयोगाची असते.

पण त्या परीक्षणांत एक जागा रिकामी राहिली. परदेशी परीक्षकाला दुर्गा कोण हे गेमनेच सांगावं लागतं. त्याला भिंतीवरच्या चित्रांतून उलगडणारी कथा नवी, म्हणून ती त्याला थक्क करते. आपल्याकडचं पोरगं वेरूळला सहलीला गेलेलं असतं. त्याने महिषासुरमर्दिनी दगडात बघितलेली असते. कैलास लेण्याच्या अंगणात उभं राहून वर बघता बघता त्याची मान दुखलेली असते. त्याला ‘राजी’तली देवळं बघून काय वाटतं? गेमभर थांबून थांबून सांगितलेली कथा त्याला आधीच पाठ आहे, मग त्याचा वेळ जातो की नव्या नजरेने तीच गोष्ट दिसते? हे वॉशिंग्टनचा परीक्षक लिहू शकत नाही. आपल्या पडेगावचा, गारखेड्याचा, सिडको एन-सातचा लिहू शकतो.

मी लिहीन ते असं. ‘राजी’, स्विच, हातात धरून. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर लहान भावाला, गोलूला, उचलून नेतात; सर्कशीत कसरती करणारी बहीण त्रिशूळ घेऊन मागे निघते. उड्या, भिंतीवरची धाव, खांबाला गिरकी घेऊन घातलेला घाव, हे सगळं बघायला सुंदर. कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे कधी कधी उडी चुकते आणि दोष आपला नसतो. छोट्या पडद्यावर नक्षीकाम हरवतं, टीव्हीला जोडा. एका सुटीच्या दिवसात संपेल. शेवट अर्ध्यात सोडल्यासारखा आहे, आणि तो मला खटकला. तरी घ्या. आपल्या मातीतली गोष्ट एवढ्या देखणेपणाने सांगणारे कन्सोलवरचे गेम बोटांवर मोजण्याइतके आहेत.

दुसरा नमुना. ‘इट टेक्स टू’, प्लेस्टेशन ४, २०२१ चा गेम. एकट्याने खेळताच येत नाही, दोन रिमोट लागतातच. घटस्फोटाला निघालेले नवरा-बायको लेकीच्या अश्रूंनी बाहुल्या होतात आणि एकमेकांच्या मदतीशिवाय एक पाऊलही टाकू शकत नाहीत. एका ठिकाणी एकाकडे खिळे, दुसऱ्याकडे हातोडा. संवाद इंग्रजीत आणि भरपूर. खेळण्यातल्या हत्तिणीचा एक प्रसंग विनाकारण क्रूर आहे, लहान मूल शेजारी असेल तर आधी समजावून ठेवा. भावंडांना द्या, नवरा-बायकोने मिळून खेळा. ज्या मुलासोबत बसायला घरात कुणाला वेळ नाही, त्याला देऊ नका.

तिसरा, जुना. ‘क्रिकेट ०७’, प्लेस्टेशन २. ईए कंपनीचा २००६ चा, तिच्या क्रिकेट मालिकेतला शेवटचा. परवाना ऑस्ट्रेलिया-इंग्लंडचा, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं मोडून लिहिलेली. फटका मारायला उजवी काडी; हात बसला की जवळपास दर चेंडू सीमेपार, आणि मग गोलंदाजीचा कंटाळा येतो. दोघं बसले तर मजा, एकट्याला नाही. जुनं मशिन माळ्यावर असेल तर काढा.

आणि ‘टेट्रिस’, १९८९ चा गेमबॉय. भाषा लागत नाही, वय लागत नाही, शिकवावं लागत नाही. आजीला द्या. परत मिळणार नाही.

एवढंच करायचं आहे. शंभराच्या आत-बाहेर शब्द. मशिन कुठलं, पुरा खेळून झाला का, कितीजणांना, वय काय, इंग्रजी किती लागतं, नेट लागतं का, आणि घ्यावा की नाही. घेऊ नये असं वाटलं तर तसंच लिहायचं, ‘संमिश्र अनुभव’ म्हणून सुटका करून घ्यायची नाही. गेम पदरच्या पैशाने घेतलेला असावा किंवा कंपनीने दिला असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगावं. खाली लिहिणाऱ्याचं नाव. आणि गुणांचा आकडा अजिबात नको. युरोगेमर या संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण बंद करून ‘घ्या’, ‘टाळा’ अशा शिफारशी देणं सुरू केलं होतं. २०२३ मध्ये तारे परत आणले. त्यांना परत आणावे लागले म्हणून आपणही त्याच वाटेने सुरुवात करावी असं काही नाही.

इंग्रजीत आपल्या देशात हे झालेलं आहे. ‘डिजिट’ मासिकाच्या घरातून ‘स्कोअर’ निघायचं, त्यात गेमची परीक्षणं असायची, शहरातली पोरं ते जपून ठेवायची. मराठीत कुणी तेवढा जीव लावला नाही. आणि हे शहर परीक्षणाला परकं आहे का? गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक इथून चालवलं आणि नव्या लेखकांना तोलायची नवी मापं दिली. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ इथून निघतं. विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात सिनेमा संपल्यावर लोक जागा सोडत नाहीत, दिग्दर्शकाला प्रश्न विचारतात. त्याच लोकांच्या घरात नातू रोज दोन तास गेम खेळतो आणि त्या दोन तासांबद्दल घरात एकच वाक्य ऐकू येतं: ‘बंद कर ते.’ त्यात काय बघितलं, काय आवडलं, काय फालतू वाटलं, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारलं तर तो बोलेल, आणि ज्याला बोलता येतं त्याला लिहिताही येतं.

तेव्हा संपादकांना माझी विनंती आहे: आठवड्याला शंभर शब्दांची जागा द्या, सिनेमाच्या पानाच्या कोपऱ्यात का होईना. राशिभविष्याला रोज त्याहून जास्त जागा आहे. आणि खेळणाऱ्यांना सांगणं आहे: नुकताच खेळून संपवलेला एक गेम घ्या, नवा असो की दहा वर्षं जुना, टीव्हीवरचा असो की हातातला. मराठीत शंभर शब्द लिहा, वर मशिनचं नाव, खाली तुमचं, आणि या सदराच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या आठवड्यात या जागेवर माझं काही नसेल, तुमची परीक्षणं असतील.